चौकडीत शिरण्यापूर्वी : कॉन्ट्रा नृत्याविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात मुलीकडील अमेरिकेतल्या मुक्कामाविषयी लिहिताना मी कॉन्ट्रा या, दोन रांगांत समोरासमोर उभे राहून करायच्या तिकडील समूहनृत्याच्या एका संध्याकाळचा ओझरता उल्लेख केला होता. त्या चार ओळींवर इतकी पत्रे येतील असे वाटले नव्हते. सोलापुरातील किती घरांतील मुले तिकडे आहेत आणि किती आईवडील सहा-सहा महिने त्यांच्याकडे राहून येतात, हे त्या पत्रांवरून नव्याने ध्यानात आले. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझी मुलगी मॅसॅच्युसेट्समध्ये असते. जूनपासून मी सहा महिने तिच्याकडे जाणार आहे. ती आणि जावई दर महिन्याला कॉन्ट्रा नृत्याला जातात आणि मीही यावे असा दोघांचा आग्रह आहे. माझे वय ६१. शाळेतील लेझमीनंतर तालावर पाऊल टाकलेले नाही. तेथे गेल्यावर नेमके काय होते?
— निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर : आपली शाळेतील लेझीम पुरेशी आहे, हे प्रथम सांगते. या नृत्यात पावलांची कसरत जवळजवळ नसते. तालावर चालता आले, डावे-उजवे ओळखता आले आणि सांगितलेले ऐकण्याची तयारी असली की पहिली संध्याकाळ निभावते. शिक्षकी पेशातील माणसाला यांपैकी शेवटची गोष्ट सर्वांत अवघड जाते, हे मी स्वानुभवाने सांगते.

हे नृत्य बहुधा शुक्रवारी किंवा शनिवारी सायंकाळी गावाच्या टाउन हॉलमध्ये, चर्चच्या सभागृहात अथवा ‘ग्रेंज’ नावाच्या जुन्या शेतकरी संघटनेने बांधलेल्या वास्तूत भरते. आपण मॅसॅच्युसेट्समध्येच असाल, तर ग्रीनफील्ड येथील गायडिंग स्टार ग्रेंज आणि कॉनकॉर्ड येथील स्काउट हाउस ही दोन नावे आपल्या कानांवर नक्की पडतील. दारातील टेबलावर प्रवेशमूल्य घेतात. ते ठिकाणानुसार १० ते २० डॉलरच्या आसपास असते. नृत्य साडेसातला सुरू होणार असेल, तर बहुतेक ठिकाणी सातपासून अर्धा तास नवख्यांना शिकवले जाते. हा अर्धा तास मुळीच चुकवू नये. मुलगी आणि जावई जुने जाणते असल्यामुळे ‘आई, आम्ही सांगू की’ असे म्हणून साडेसातलाच निघू पाहतील. त्यांना सातला निघायला लावावे.

सभागृहाच्या एका टोकाला मंच असतो आणि त्यावर वादक असतात. व्हायोलिन (तिकडे त्याला या संगीतापुरते ‘फिडल’ म्हणतात), पियानो आणि गिटार ही नेहमीची वाद्ये. कधी बँजो, कधी मँडोलिन. ध्वनिमुद्रित संगीतावर हे नृत्य क्वचितच होते. वादकांच्या शेजारी ध्वनिवर्धक घेऊन एक व्यक्ती उभी असते. तिला ‘कॉलर’ म्हणतात. शर्टाच्या कॉलरशी तिचा संबंध नाही. नृत्यातील पुढची हालचाल पुकारणारी ती कॉलर. आपल्याकडे ढोल-ताशाच्या पथकात शिट्टी वाजवून पुढचा हात सांगणारा गडी असतो, तसेच हे काम. फक्त शिट्टीऐवजी शब्द.

प्रत्येक नृत्यासाठी जोडीदार निवडावा लागतो आणि सर्व जोड्या दोन लांब रांगांत समोरासमोर उभ्या राहतात. वारीतील पावली आपण पाहिली असेल. टाळकऱ्यांच्या दोन रांगा एकमेकींकडे तोंड करून पुढे-मागे होतात, तेच चित्र येथे डोळ्यांपुढे आणावे. आपल्या समोरच्या रांगेत आपला जोडीदार. मग कॉलर ‘हँड्स फोर’ असे पुकारते आणि मंचाकडील टोकापासून दोन-दोन जोड्यांचे हात धरून चौघाचौघांचे गट पडतात. आपल्याकडे चौकडी म्हटली की आधी ‘चांडाळ’ हा शब्द आठवतो, परंतु येथे ही चौकडीच आपल्याला सांभाळून घेते.

संगीत सुरू होण्यापूर्वी संपूर्ण नृत्य एकदा किंवा दोनदा नुसते चालून दाखवतात. वर्तुळात डावीकडे फिरा, शेजाऱ्याचा (म्हणजे चौकडीतील दुसऱ्या जोडीतल्या व्यक्तीचा) उजवा हात धरून एक फेरा मारा, जोडीदाराबरोबर गिरकी घ्या, अशा आठ-दहा हालचालींची ती एक साखळी असते. ती पूर्ण होण्यास अर्ध्या मिनिटाहून किंचित अधिक वेळ लागतो आणि तिच्या अखेरीस चौकडीतील एक जोडी मंचापासून दूर, तर दुसरी मंचाकडे एक घर सरकलेली असते. म्हणजेच प्रत्येक जोडीसमोर आता नवी जोडी येते. मग तीच साखळी नव्या शेजाऱ्यांबरोबर पुन्हा, आणि पुन्हा. एक नृत्य आठ-दहा मिनिटे चालते, म्हणजे तेवढ्या वेळात आपण तीच गोष्ट पंधरा-वीस वेळा करतो. पहिल्या तीन फेऱ्यांत काहीच उमगत नाही, पाचव्या-सहाव्या फेरीत पाय आपोआप वळू लागतात, आणि सर्वांना जमल्याचे पाहून कॉलर हळूहळू पुकारणे बंद करते. तिचा आवाज थांबला तरी आपण योग्य जागी योग्य वेळी पोहोचतो आहोत, हे ध्यानात येते तो क्षण मला तरी फार आवडला. (लगेच पुढच्याच फेरीत मी चुकले.)

सरकत सरकत रांगेच्या टोकाला पोहोचलात की समोर कोणी उरत नाही. घाबरू नये. जोडीदाराबरोबर जागांची अदलाबदल करून एक फेरी थांबावे. पुढच्या फेरीस आपण उलट दिशेने पुन्हा नृत्यात येता. नवखी माणसे येथे सर्वाधिक गोंधळतात आणि ‘आपले संपले’ असे समजून खुर्चीकडे चालू लागतात. मीही गेले होते. एका आजोबांनी हाताला धरून परत आणले.

चुका होतील. चुकल्यावर राहून गेलेली हालचाल पुरी करण्यासाठी मागे जाऊ नये. जे राहिले ते राहिले असे समजून पुढची हालचाल जेथे सुरू होणार तेथे जाऊन उभे राहावे. ते कोठे, हे न कळल्यास आपल्या दिशेने आलेला सर्वांत जवळचा हात धरावा. एक हात आपल्याकडे येतोच, कारण आपण हरवलो तर समोरच्या तिघांचेही अडते.

मध्यंतर असते. पुष्कळ ठिकाणी त्या वेळी लोकांनी घरून आणलेले खाद्यपदार्थ मांडतात. आपली शेंगाचटणी नेण्याचा मोह मला झाला होता. न्यावी, परंतु तिच्यात शेंगदाणे असल्याची ठळक चिठ्ठी भांड्याला लावावी. तिकडे शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीचा विषय जिवावरचा मानतात. मद्य बहुधा नसते. मध्यंतरापूर्वी आणि शेवटी एक वॉल्ट्झ वाजवतात. ते निराळे नृत्य आहे, येत नसल्यास बसून ऐकावे.

प्रश्न : साडी चालेल का?
— एक वाचिका, होटगी रस्ता

उत्तर : चालेल, परंतु मी नेसणार नाही. गिरकीत निऱ्या पायात येतात, पदर शेजाऱ्याच्या हातात जातो. सलवार-कमीज उत्तम, ओढणी पिशवीत ठेवावी. तिकडील पुष्कळ स्त्रिया, आणि कित्येक पुरुषही, घेरदार झगे घालून येतात, कारण गिरकीत घेर फुलतो. आपला घेरदार अनारकली तेथे हमखास कौतुकाचा विषय होईल.

पादत्राणांकडे मात्र लक्ष द्यावे. मऊ तळव्याचे, पायाला घट्ट बसणारे आणि बाहेर न वापरलेले बूट न्यावेत व सभागृहात आल्यावर पायांत घालावेत. बुटांना चिकटून आलेली वाळू लाकडी जमिनीवर ओरखडे पाडते, म्हणून अनेक ठिकाणी तशी सूचनाच लावलेली असते. रबरी तळव्याचे खेळाचे बूट जमिनीला चिकटतात आणि गिरकीत पाऊल अडकून गुडघ्याला पीळ बसतो. कोल्हापुरी चप्पल पायातून निसटून समोरच्या रांगेत जाईल.

काचेच्या बांगड्या घरी ठेवाव्यात. ‘स्टार’ नावाच्या हालचालीत चौघे जण मध्यभागी हात घालून प्रत्येकी पुढच्याचे मनगट धरतात. माझी एक बांगडी त्यात फुटली आणि पुढच्या नृत्यापूर्वी दोघांना केरसुणी आणावी लागली. मंगळसूत्र लांब असल्यास कपड्याच्या आत घ्यावे. अत्तर, सुवासिक तेल, मोगऱ्याचा गजरा हे सर्व टाळावे. सुगंधाचा त्रास होणाऱ्यांसाठी कित्येक ठिकाणी तशी विनंतीच केलेली असते. घाम मात्र येतो, त्यामुळे एक सदरा, एक रुमाल आणि पाण्याची बाटली जवळ असावी.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी मुलाकडे गेलो असता त्याने तेथील नृत्याची चित्रफीत दाखवली. त्यात प्रत्येक जण परक्या स्त्री-पुरुषांचे हात धरून, कमरेत हात घालून फिरताना दिसला. आम्ही जुन्या विचारांचे नाही, पण संकोच वाटतो. आम्हा दोघांनाच एकमेकांबरोबर सबंध वेळ नाचता येईल काय?
— सेवानिवृत्त बँक अधिकारी, सात रस्ता

उत्तर : आपण हा प्रश्न सरळ विचारलात याबद्दल आभार, इतर चार पत्रांत तो आडवळणाने आला आहे.

दोघांनी सबंध संध्याकाळ एकमेकांचे जोडीदार राहण्यास कोणी मनाई करीत नाही, परंतु त्याने आपला हेतू साधणार नाही. एक तर जोडीदार आपला असला तरी शेजारी दर अर्ध्या मिनिटाने बदलतात आणि त्यांच्याबरोबरही गिरकी असतेच. दुसरे, दोन नवखी माणसे एकत्र आली की दोघांनाही पुढची हालचाल ठाऊक नसते. आम्ही उभयता पहिल्या दिवशी हेच केले. यांचे डावे ते माझे उजवे, असा वाद रांगेच्या मधोमध सुरू झाला आणि संसारातील आणखी काही जुने विषय त्यात निघाले. तिसऱ्या नृत्याला एका वयस्क बाईंनी यांना विचारले, मला एका तरुण मुलाने विचारले, आणि अवघ्या दहा मिनिटांत दोघांनाही नृत्य उमजले. जाणत्या जोडीदाराच्या हाताचा किंचितसा दाबही पुढे कोणीकडे वळायचे ते सांगतो. म्हणून माझा सल्ला असा, की पहिले नृत्य एकत्र करावे, दुसऱ्यापासून वेगळे व्हावे आणि शेवटचे पुन्हा एकत्र करावे.

आता संकोचाविषयी. चित्रफितीत कमरेवरचा वाटणारा हात वस्तुतः पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली असतो. तो तेथेच असावा, अशी अपेक्षा नवख्यांच्या पाठातच स्पष्ट केली जाते. एका शेजाऱ्याबरोबरची गिरकी सहा-आठ सेकंद टिकते. त्या अवधीत समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहावे असे सांगतात. आपल्याला ते सर्वांत अवघड वाटेल, मलाही वाटले. परंतु त्यामागे सलगीचा उद्देश नसून घेरी टाळण्याचा उपाय आहे. भोवतालचे सगळे फिरत असताना स्थिर राहणारी एकच गोष्ट म्हणजे समोरचा चेहरा. डोळे नको असतील तर कपाळाकडे किंवा कानाकडे पाहावे, उपयोग तोच होतो. पाठीवरचा हात नको असेल तर दोन्ही हात पुढे करावेत. समोरचा ते धरून हाताच्या अंतरावरून फिरतो आणि कोणी कारण विचारत नाही. कोणाचा स्पर्श खटकला तर जागच्या जागी तसे सांगावे किंवा आयोजकांना सांगावे.

नृत्यासाठी कोणीही कोणालाही विचारू शकते. स्त्रीने पुरुषाला, पुरुषाने पुरुषाला, सत्तर वर्षांच्या आजींनी पंधरा वर्षांच्या मुलाला. नकार द्यायचा असल्यास ‘आत्ता नको, आभारी आहे’ एवढे पुरते. पत्नीला कोणी विचारले असता तिच्याऐवजी आपण उत्तर देऊ नये, एवढी एक विनंती आपल्याला करते. नवरात्रात टिपऱ्या खेळताना आपण किती अनोळखी लोकांच्या टिपरीवर टिपरी मारतो, याचा घरी बसून शांतपणे विचार करावा. येथे टिपरीच्या जागी तळहात आहे, फरक तेवढाच आणि तो लहान नाही, हे मला मान्य आहे.

प्रश्न : मी तबला शिकतो. कॉन्ट्राच्या संगीताला तालाचे आवर्तन असते का? की नुसताच ठेका?
— विद्यार्थी, अक्कलकोट रस्ता

उत्तर : या प्रश्नाने मला आनंद झाला, कारण तबल्याच्या भाषेत हे नृत्य जितके चटकन समजते तितके दुसऱ्या कशाने नाही.

बहुतेक धुनांचे दोन भाग असतात. आपल्या अस्थायी-अंतऱ्यासारखे समजा. पहिला भाग दोनदा, दुसरा भाग दोनदा, असे चार खंड होतात. प्रत्येक खंडात नर्तकाची सोळा पावले मावतात. म्हणजे एक खंड हे त्रितालाचे एक आवर्तन, आणि संपूर्ण धून म्हणजे चार आवर्तने, ६४ मात्रा. नृत्याची साखळीही नेमकी ६४ मात्रांची रचलेली असते, त्यामुळे धून आणि साखळी एकाच समेवर पुन्हा सुरू होतात. लय मिनिटाला साधारण ११० ते १२० पावलांची असते.

उदाहरणादाखल एक सोपी रचना घ्या. पहिल्या आवर्तनात शेजाऱ्याबरोबर ४ मात्रांचा झोका, त्याला ‘बॅलन्स’ म्हणतात, आणि १२ मात्रांची गिरकी, म्हणजे ‘स्विंग’. दुसऱ्यात दोन्ही रांगा ८ मात्रांत पुढे जाऊन मागे येतात आणि पुढील ८ मात्रांत चौघांचे वर्तुळ डावीकडे पाऊण फिरते. त्या पाऊण फेऱ्याने जोडीदार आपल्या बाजूला येतो, म्हणून तिसरे आवर्तन त्याच्याबरोबर झोका व गिरकी. चौथ्यात पुन्हा पाऊण वर्तुळ ८ मात्रांचे, मग वर्तुळातच ४ मात्रांचा झोका, आणि उरलेल्या ४ मात्रांत जोडीदारासह वळून नव्या जोडीसमोर उभे राहणे. तेथे सम येते आणि नव्या शेजाऱ्याबरोबर पहिले आवर्तन सुरू होते.

धुनांचे दोन प्रकार वारंवार ऐकू येतील. ‘रील’मध्ये प्रत्येक पावलाचे सरळ दोन-चार तुकडे पडतात, ‘जिग’मध्ये तीन, त्यामुळे तिचा झोल दादऱ्याची आठवण करून देतो. पाऊल दोन्हींत तेच. खाली-भरी असा भेद नाही, तिहाई नाही, आणि वादकाने रंगात येऊन लय वाढवली तर नर्तक त्याच्याकडे रागाने पाहतात. परंतु झोक्याच्या ४ मात्रांवर सबंध सभागृहाचे पाऊल एकदम लाकडावर आपटते आणि वादक नेमका तेथे जोर देतात, तेव्हा तबलजीला उठान आठवल्याशिवाय राहणार नाही.

कॉलरचे काम आपल्यासारख्याने नीट ऐकावे. ती हालचालीचे नाव समेवर उच्चारत नाही. मागच्या खंडाच्या शेवटच्या दोन-चार मात्रांत उच्चारते, म्हणजे ऐकणाऱ्याचे पाऊल समेवर पडते. समेवर पुकारले तर सारे सभागृह उशिरा पोहोचेल.

प्रश्न : मला मानेच्या दुखण्यामुळे अधूनमधून चक्कर येते. गुडघेही कुरकुरतात. मी जावे का?
— एक वाचक, बाळे

उत्तर : चक्करीचे निदान झालेले असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. त्यांनी परवानगी दिल्यास जावे, परंतु गिरकीऐवजी दोन्ही हात धरून सावकाश चालत एक फेरा मारावा. प्रत्येक नव्या शेजाऱ्याला ‘हळू’ एवढे सांगितले की पुरते. पुष्कळ वयस्क नर्तक हेच करतात. गिरकी वेगाने घेतलीच पाहिजे असा नियम नाही, समेवर थांबली पाहिजे एवढाच आहे.

ज्यांना गिरकी शिकायची आहे त्यांच्यासाठी येथेच लिहिते. दोघांची उजवी पावले एकमेकांशेजारी मध्यभागी ठेवायची आणि डाव्या पायाने, लहान मुले पायाने ढकलून स्कूटर चालवतात तसे, ढकलत राहायचे. फुगडी खेळलेल्या बायकांना हे लवकर साधते, कारण अंग किंचित मागे देऊन समोरच्याच्या हातातील ओढ सांभाळणे त्यांना ठाऊक असते. मात्र फुगडीत आपण सारा भार एकमेकींवर टाकतो आणि हात सुटला तर दोघी पडतात. येथे तसे करू नये. ओढ असावी, पण जोडीदार अचानक नाहीसा झाला तरी आपण आपल्या पायांवर उभे राहू इतपतच.

प्रश्न : पुढील शिक्षणासाठी अमेरिकेला जात आहे. तेथील एका नृत्याच्या सूचनापत्रकात ‘लार्क’ आणि ‘रॉबिन’ असे शब्द आढळले. पक्ष्यांचा काय संबंध?
— विद्यार्थिनी, शेळगी

उत्तर : पूर्वी जोडीतील दोन भूमिकांना पुरुष आणि स्त्री असेच म्हणत. कोणीही कोणतीही भूमिका करू लागल्यावर ते शब्द गैरसोयीचे झाले, म्हणून अनेक ठिकाणी पक्ष्यांची नावे घेतली. गिरकी संपते तेव्हा डावीकडे असतो तो लार्क, म्हणजे चंडोल, आणि उजवीकडे असतो तो रॉबिन. इंग्रजीतील डावे-उजवे या शब्दांची आद्याक्षरे या नावांशी जुळतात, हेच त्यांच्या निवडीचे कारण. काही ठिकाणी जुनेच शब्द चालतात. आपण पहिल्या संध्याकाळी एकच भूमिका धरून राहावे. दोन्ही करून पाहण्याचा उत्साह तिसऱ्या खेपेपर्यंत आवरावा. जोडीदार बरोबर नेण्याची आवश्यकता नाही. एकटे जाणारेच पुष्कळ असतात, आणि भिंतीशी उभे राहण्याऐवजी रांगेच्या जवळ उभे राहिल्यास कोणीतरी विचारतेच. रांगेत शिरताना मंचाजवळचे टोक आणि पार शेवटचे टोक टाळून मध्यभागी, जाणत्या चौकड्यांच्या शेजारी जागा घ्यावी.

प्रश्न : या नृत्याचे मूळ कोठले? ‘कॉन्ट्रा’ म्हणजे विरुद्ध ना?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : समोरासमोरच्या रांगा पाहून तसे वाटते खरे, परंतु हे नाव बहुधा निराळ्या वाटेने आले. इंग्लंडमधील ग्रामीण धाटणीच्या समूहनृत्यांचा संग्रह जॉन प्लेफर्ड या प्रकाशकाने १६५१ मध्ये लंडनमध्ये छापला. ही नृत्ये फ्रान्समध्ये गेली, तेथे त्यांचे ‘कॉन्त्रदान्स’ असे नाव रूढ झाले, आणि तो बहुधा इंग्रजी ‘कंट्री डान्स’चाच फ्रेंच उच्चार असावा असे मानतात. अमेरिकेत, विशेषतः ईशान्येकडील न्यू इंग्लंड भागात, अठराव्या शतकापासून ती रुजली. पुढे शहरांत मागे पडली, तरी न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँटच्या खेड्यांत तग धरून राहिली. विसाव्या शतकात न्यू हॅम्पशायरचे राल्फ पेज यांनी ती पुकारून जिवंत ठेवली आणि १९६० नंतर कॉलर डडली लॉफमन यांच्यामुळे तरुण मंडळी तिकडे वळली. या नृत्यांसाठी काम करणारी १९१५ पासूनची एक संस्थाही आहे, कंट्री डान्स अँड साँग सोसायटी. तिचे कार्यालय मॅसॅच्युसेट्समध्ये ईस्टहॅम्प्टनला आहे.

प्रश्न : परदेशातून आलेल्या आम्हा काही ज्येष्ठांना हे नृत्य सोलापुरात करून पाहावे असे वाटते. सोसायटीचे सभागृह उपलब्ध आहे. काय लागेल?
— एक ज्येष्ठ नागरिक गट, विजापूर रस्ता

उत्तर : निदान बारा माणसे लागतील. आठांतही होते, परंतु मग दोनच चौकड्या पडतात, टोकाला थांबण्याची पाळी वारंवार येते आणि रांगेची मजा राहत नाही.

सभागृहाची जमीन पाहावी. शहाबादी फरशीवर किंवा टाइल्सवर दोन तास पाय आपटल्यास ज्येष्ठांचे गुडघे दुसऱ्या दिवशी उत्तर देतील. लाकडी जमिनीचे बॅडमिंटन सभागृह तासाभरासाठी मिळाले तर सर्वांत चांगले. फरशीवरच करायचे असेल तर जाड, मऊ तळव्याचे बूट घालून तीन नृत्यांवर थांबावे, आणि झोक्याच्या वेळी पाऊल आपटण्याऐवजी नुसते टेकवावे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडील पारा ४० अंशांच्या वर असताना हा उद्योग सुरू करू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या संध्याकाळी पाहाव्यात.

संगीत सुरुवातीला ध्वनिमुद्रित घ्यावे, मात्र ते चार खंड मिळून ६४ मात्रांचे आहे हे मोजून घ्यावे. नंतर आपल्या गटातील कोणी संवादिनी वाजवत असेल आणि ज्यांना वर तबल्याविषयी उत्तर दिले आहे ते विद्यार्थी तयार असतील, तर तशी एखादी धून बसवता येईल. हलगीचा विचार मनात आला असल्यास तो मोकळ्या मैदानासाठी राखून ठेवावा. बंद खोलीत तिच्यापुढे पुकारणे ऐकू येणार नाही.

खरी अडचण पुकारण्याची आहे. गटातील एकाने वर दिलेली सोपी रचना पाठ करून स्वतः न नाचता पुकारायचे ठरवले पाहिजे, आणि हे मान्य करणारा माणूस मिळणे हे सभागृह मिळण्यापेक्षा अवघड आहे. हालचालींची नावे मराठीत ठेवायची तर ती दोन मात्रांत बसली पाहिजेत. ‘आता आपण सर्वांनी डाव्या बाजूस वर्तुळाकार फिरावे’ असे म्हणेपर्यंत निम्मे वर्तुळ होऊन गेलेले असते. ‘डावा गोल’, ‘रांग पुढे’, ‘झोका घ्या’, ‘शेजारी फिरा’, ‘जोडी फिरा’ एवढे शब्द पुरतात. आपल्या गटात तेलुगू आणि कन्नड बोलणारी मंडळीही असतील, तेव्हा पहिल्या संध्याकाळी शब्द ठरवून सर्वांकडून दोनदा म्हणवून घ्यावेत, संगीताशिवाय चार वेळा चालावे, मगच धून लावावी. पती-पत्नींना पहिल्या नृत्यानंतर वेगवेगळ्या जोड्यांत उभे करण्याचे काम पुकारणाऱ्याकडे द्यावे. त्याचे सगळे ऐकतात, कारण ध्वनिवर्धक त्याच्या हातात असतो.